पॉपर, पाणी आणि पंगा

फ्लाय फिशिंग म्हटलं की डोळ्यांसमोर येतं थंडगार पहाडी पाणी आणि ट्राउट. टेक्सासमध्ये हे चित्र बाजूला ठेवायचं. ऑस्टिनच्या पश्चिमेला, हिल कंट्रीत, अंगाची लाही होत असताना लोक हाफ पँटमध्ये गुडघाभर नदीत उभे असतात. माझा आयटीवाला मावसभाऊ त्यातलाच. शनिवारी लॅपटॉप बंद, रॉड बाहेर!

यात गळाला वजन नसतंच, वजन असतं दोरीला. ती मागे-पुढे झुलवून फेकायची आणि टोकाचा पॉपर पाण्यावर ‘टुप्प’ वाजवायचा. बासला वाटतं, बेडूक पडला. मग जो काही धमाका होतो ना, बॉस! ऊन चढलं की मासा सावलीत दडतो, म्हणून पहाट किंवा संध्याकाळ.

इथला हीरो ग्वाडालूप बास. मूळचा फक्त टेक्सासचा, १९८९ पासून राज्याचा अधिकृत मासा. पण त्याआधी, १९७०च्या दशकात, सरकारनेच इथल्या नद्यांत बाहेरचा स्मॉलमाउथ बास सोडला होता. का? तर गळवाल्यांना जरा जास्त मजा यावी! दोघांचा संकर झाला आणि काही नद्यांत अस्सल ग्वाडालूप दिसेनासा होऊ लागला. मग हॅचरीत शुद्ध पिल्लं वाढवून सोडायची वेळ आली, तीही वर्षानुवर्षं. हौसेचं बिल असं येतं.

भाऊ मासा ओल्या हाताने धरतो, हुक काढतो, सोडून देतो. हे ऐकून मावशी फोनवर म्हणाली, “मग एवढ्या पहाटे उठलास कशाला रे?”