हद्दीबाहेरचा रुग्ण

चंडीगडला परिसंवादासाठी जाणारे साहित्याचे अभ्यासक बहुधा पंजाब विद्यापीठाच्या आवारात उतरतात, दोन दिवस निबंध वाचतात व ऐकतात, आणि सवड मिळाल्यास ल कॉर्ब्युझिएने उभारलेली विधानभवन, सचिवालय व उच्च न्यायालय ही त्रयी पाहून परततात. विद्यापीठासमोरचा रस्ता ओलांडल्यावर जे दिसते ते मात्र सहसा कोणाच्या टिपणवहीत येत नाही. तेथे पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या पी.जी.आय.चे, रुग्णालय आहे. त्याच्या कुंपणालगत आणि झाडांखाली बोचकी व क्ष-किरण चित्रांची मोठी पाकिटे सांभाळीत माणसे बसलेली असतात. माळव्याची पंजाबी, कांगड्याची पहाडी, हरियाणाची बांगरू, जम्मूची डोगरी यांचे शब्द एकाच बाकावर कानी पडतात. तौलनिक भाषाभ्यासाला याहून संपन्न क्षेत्र मिळणे कठीण. पण ही माणसे आपल्या अभ्यासासाठी तेथे आलेली नसतात. आपापल्या जिल्ह्यात उपचार झाला नाही म्हणून ती आलेली असतात.

१ ऑगस्ट २०२२ रोजी या माणसांपैकी पंजाबमधून आलेल्यांवर एक विलक्षण प्रसंग ओढवला. आयुष्मान भारत योजनेखाली दर कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांची हमी २०१८ पासून आहे. पंजाबने २०१९ मध्ये तिला आपली जोड देऊन ती अधिक कुटुंबांपर्यंत नेली. पुढे विमा कंपनीशी असलेला करार संपला आणि बिले चुकती करण्याचे काम राज्य शासनाकडे आले. बिले थकली. पी.जी.आय.चे येणे सुमारे सोळा कोटींवर गेल्यावर संस्थेने पंजाबच्या नव्या लाभार्थींना योजनेखाली घेणे थांबविले. हातात शासनाचे कार्ड, कार्डावर शासनाची हमी, आणि खिडकीवर उत्तर असे की तुमच्या शासनाने पैसे भरलेले नाहीत. केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी हस्तक्षेप केल्यावर काही दिवसांत उपचार पूर्ववत् सुरू झाले. त्या वर्षी पंजाबचे अंदाजपत्रक दीड लाख कोटींहून मोठे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे पैशाची चणचण हे या प्रकरणाचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही, हे उघड आहे. सोळा कोटी कोणाच्याही प्राधान्यक्रमात नव्हते एवढाच त्याचा अर्थ.

ते का नव्हते, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर कोणा एका पक्षाच्या वा मंत्र्याच्या हलगर्जीपणात शोधणे मला अपुरे वाटते. पी.जी.आय.ची स्थापना १९६२ ची, म्हणजे अविभाजित पंजाबच्या काळातली. १ नोव्हेंबर १९६६ रोजी राज्याची पुनर्रचना झाली, चंडीगड केंद्रशासित झाले आणि दोन राज्यांची राजधानी असूनही कोणत्याच राज्याचे राहिले नाही. १ एप्रिल १९६७ पासून संसदेच्या कायद्याने ही संस्था राष्ट्रीय महत्त्वाची ठरली. म्हणजे ज्या राज्याने ती उभारली त्याचे तुकडे झाले आणि ती स्वतः केंद्राकडे गेली. तिच्याकडे येणारे रुग्ण मात्र पूर्वीचेच राहिले. संगरूरच्या शेतकऱ्याचा आमदार पी.जी.आय.पासून काही किलोमीटरवरच्या विधानभवनात बसतो, पण त्या संस्थेविषयी तेथे जाब विचारू शकत नाही. घटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यांचा विषय, संस्था केंद्राची, शहराचे प्रशासक १९८४ पासून पंजाबचे राज्यपाल, तेही केंद्राच्या वतीने. शहराला स्वतःची विधानसभा नाही. लोकसभेत एक सदस्य आणि १९९६ पासून निवडून आलेली महापालिका, एवढेच तेथील नागरिकांच्या हाती आहे. तेथील रहिवाशाची ही स्थिती, तर बाहेरून आलेल्या रुग्णाची काय सांगावी? त्याने ज्यांना मत दिले त्यांच्या हाती रुग्णालय नाही, आणि ज्यांच्या हाती रुग्णालय आहे त्यांना त्याच्या मताची गरज नाही.

येथे एका शब्दाकडे वळतो. ही सवय आपल्या वाचकांना परकी नाही. मराठीत ‘जबाबदार’ म्हणजे ज्याच्याकडे जबाब आहे, ज्याने उत्तर द्यावयाचे आहे तो. संस्थानी प्रजेने ‘जबाबदार राज्यपद्धती’ मागितली तेव्हा हा अर्थ जिवंत होता: दरबाराने प्रजेच्या प्रतिनिधींना उत्तर द्यावे. पुढे हा शब्द हळूहळू कर्तव्याच्या ओझ्याचा वाचक झाला. घरच्या जबाबदाऱ्या, मुलीच्या लग्नाची जबाबदारी, ‘जबाबदार नागरिक’ इत्यादी. शासन आता जबाबदारी ‘स्वीकारते’, ‘झटकते’ किंवा दुसऱ्यावर ‘ढकलते’. उत्तर देण्याची क्रिया त्या वाक्यातून गळून गेली आहे. हिंदीत ‘जवाबदेही’ या शब्दाने ‘देणे’ निदान तोंडी तरी राखले आहे. मराठीत मूळ अर्थ उरला तो ‘जाब विचारणे’ या प्रयोगात, आणि विशेष म्हणजे पोलीस ठाण्यात, जेथे शासन नागरिकाचा ‘जबाब’ घेते. नागरिकाने शासनाचा जबाब घ्यावा असा प्रयोग आपल्या व्यवहारात रूढ नाही. शब्दार्थावर राज्यशास्त्र उभारता येत नाही हे मी जाणतो. तथापि ज्या क्रियेला रोजच्या भाषेत क्रियापद नाही, ती संस्थांत रुजविणे अवघड जाते, एवढे तरी खरे.

हा प्रश्न पंजाबपुरता आहे असे कोणी समजू नये. भटिंड्याहून बिकानेरकडे जाणाऱ्या रेल्वेगाडीला लोकांनीच ‘कॅन्सर ट्रेन’ हे नाव दिले. पंजाबचा रुग्ण तेथे राजस्थानच्या दाराशी उभा असतो. आणि आपल्या घरचे उदाहरण त्याहून जवळचे आहे. सिंधुदुर्गातील दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले या तालुक्यांतील माणसाला गंभीर दुखणे झाले की पिढ्यान् पिढ्या त्याची वाट बांबोळीकडे वळते. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा पोर्तुगीज अमदानीत १८४२ साली निघालेल्या शाळेपर्यंत जाते. मुंबई त्या मानाने फार दूर. जानेवारी २०१८ मध्ये गोवा शासनाने परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू केले. सिंधुदुर्गात संताप उसळला, दोडामार्गात लोक आंदोलनास बसले, महाराष्ट्राच्या महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून हा खर्च भागविण्याच्या वाटाघाटी झाल्या. संताप बहुतांशी गोव्यावर निघाला. मला तो अर्धवट दिशेचा वाटतो. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार पंधरा लाखांच्या आत. एवढ्या लहान राज्याने शेजाऱ्याच्या एका जिल्ह्याचे आरोग्य किती वर्षे आपल्या तिजोरीतून सांभाळावे? जाब विचारायचा होता तो १९८१ मध्ये स्वतंत्र जिल्हा निर्माण करून त्यात चार दशके वैद्यकीय महाविद्यालय न काढणाऱ्या महाराष्ट्र शासनाला. तो पुरेसा विचारला गेला नाही, कारण बांबोळीची सोय होती. शेजाऱ्याचे रुग्णालय चांगले असले म्हणजे आपल्या शासनाला विसर पडण्याची मुभा मिळते, हे या व्यवस्थेचे गुपित आहे.

न्यायालयांनी या बाबतीत विधिमंडळांपेक्षा स्वच्छ भाषा वापरली आहे. १९९२ मध्ये बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला जबर मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक शासकीय रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही असे सांगून परत पाठविले. पश्चिम बंग खेत मजूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निर्णय दिला की वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग होय, आणि पैशाची अडचण ही सबब चालणार नाही. दिल्ली शासनाने २०१८ मध्ये गुरू तेगबहादूर रुग्णालयातील ऐंशी टक्के खाटा दिल्लीकरांसाठी राखण्याचा प्रयोग केला, तो उच्च न्यायालयाने त्याच ऑक्टोबरात रद्द केला. परंतु न्यायालय फार तर दार उघडे ठेवू शकते. आतल्या औषधाचे पैसे कोणी द्यावयाचे हे दोन शासनांतच ठरावे लागते. आणि पी.जी.आय.च्या हिशेबनिसाची बाजूही ऐकली पाहिजे. औषधे व शस्त्रक्रियेचे साहित्य पुरविणारे महिनोन् महिने थांबत नाहीत. बिले थकविणाऱ्या राज्यावर त्याच्यापाशी कोणतेही हत्यार नसते. रुग्ण अडविणे एवढेच एक असते, आणि ते चुकीच्या माणसाला लागते.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात विचारलेला मुद्दा शिक्षणाचा होता: महसूल येतो रयतेच्या कष्टातून, आणि तो खर्च होतो वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर, हे कसे? त्या प्रश्नाची रीत मला आरोग्याच्या बाबतीत अजून उपयोगी वाटते. पैसा कोठून निघाला आणि कोठे पोहोचला, याचा माग काढणे. संगरूरच्या मजुराने काडेपेटीवर, साबणावर, औषधावर भरलेला कर केंद्र व राज्य या दोघांच्याही तिजोरीत गेलेला असतो. तो पी.जी.आय.च्या दारात येतो तेव्हा कोणाच्या हद्दीत उपकार मागावयास आलेला नसतो.

उपकाराचा अर्थ तेथे फार चांगल्या माणसांनी दाखवून दिला आहे. फाळणीत पेशावरकडून निर्वासित होऊन आलेले, फळे विकून सधन झालेले जगदीशलाल आहुजा यांनी वर्षानुवर्षे पी.जी.आय.च्या बाहेर रुग्णांच्या नातलगांना जेवू घातले, आणि त्यासाठी आपली मालमत्ता विकली. लोक त्यांना लंगरबाबा म्हणत. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, २०२१ मध्ये ते वारले. त्यांच्याविषयी आदर बाळगूनच म्हणावेसे वाटते की ज्या शासनाने त्यांना पदक दिले त्याने त्याच वेळी स्वतःला एक प्रश्न विचारावयास हवा होता: देशातील एका अग्रगण्य रुग्णालयाच्या दाराशी दररोज शेकडो माणसे भुकेली व निवाऱ्यावाचून का असतात? दात्याला पदक देताना तो प्रश्न सहज झाकला गेला.

उपाय फार गहन आहेत असे नाही. राज्याबाहेरच्या रुग्णाचे बिल ठरावीक मुदतीत चुकते झाले नाही, तर ती रक्कम व्याजासह केंद्राने त्या राज्याच्या वाट्यातून परस्पर वळती करावी. रुग्णाचा उपचार त्या वादाच्या काळात एक दिवसही थांबू नये. थकबाकीचे आकडे दर तिमाहीस त्या राज्याच्या विधानसभेपुढे ठेवावेत, म्हणजे संगरूरच्या आमदाराला निदान आपल्याच मंत्र्याला विचारता येईल. कोणत्या जिल्ह्यातून कोणत्या दुखण्याचे किती रुग्ण बाहेर जावे लागले याची नोंद पी.जी.आय.सारख्या संस्थांकडे असतेच. ती जिल्हावार प्रसिद्ध झाली, तर प्रत्येक राज्याला स्वतःच्या आरोग्यव्यवस्थेचे प्रगतिपुस्तक शेजाऱ्याच्या हातून मिळेल. त्या नोंदीला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो, आणि तीच सर्वांत उशिरा प्रसिद्ध होईल अशी माझी अटकळ आहे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्यासारख्यांच्या कक्षेत येते. उपचार नाकारल्याचे कारण त्या रुग्णाला त्याच्या भाषेत, लेखी, सही-शिक्क्यानिशी मिळाले पाहिजे. ऑगस्ट २०२२ मध्ये खिडकीवरून परतलेल्या माणसाजवळ असा कागद असता, तर तो घेऊन त्याला गावच्या सरपंचाकडे, आमदाराकडे, न्यायालयाकडे जाता आले असते. चंडीगड प्रशासनाचा कारभार इंग्रजीत चालतो. पंजाबी, हिंदी, पहाडी आणि डोगरी जाणणारे प्राध्यापक व विद्यार्थी रस्त्याच्या अलीकडे आहेत, आणि असा एका पानाचा नमुना चार भाषांत तयार करण्यास त्यांना एका दुपारहून अधिक वेळ लागू नये.