ताप आहे, पण सर्दी नाही

मैत्रिणींनो, लहान मुलाला ताप आला की घरात कारणांना तोटा नसतो. दात येताहेत, दृष्ट लागली, हवा बदलली! पण नाक वाहत नाही, खोकला नाही आणि ताप मात्र सडकून, असं झालं तर डॉक्टरांना आवर्जून विचारा, "लघवी तपासायची का?"

चिंचवडला आमच्या शेजारणीच्या दीड वर्षाच्या छकुलीला असा ताप तीनदा आला. वडील चाकणच्या कारखान्यात, शिफ्टची नोकरी. दर वेळी औषध दिलं की ताप उतरायचा. तिसऱ्यांदा लघवीचं कल्चर केलं आणि जंतू सापडले. पुढच्या तपासात कळलं, की लघवी मूत्राशयातून उलटी मूत्रपिंडाकडे चढते आहे.

मूत्रपिंडाकडून येणारी नळी मूत्राशयाच्या भिंतीत तिरकी शिरते. मूत्राशय भरला की ती दाबली जाते आणि वाट बंद होते. हा तिरका भाग आखूड असला, तर झडप नीट लागत नाही. दोष जन्मजात. आईच्या खाण्यापिण्याशी त्याचा संबंध नाही. (सासूबाईंनी पपईचं नाव काढलंच होतं!) पण जंतू वर चढले तर मूत्रपिंडावर व्रण राहतात आणि पुढे रक्तदाबही मागे लागू शकतो.

याच्या 1 ते 5 पायऱ्या असतात. खालच्या पायऱ्यांचा दोष पुष्कळदा वाढत्या वयात आपोआप जातो. छकुलीची तिसरी, म्हणून तिला रोज रात्री जंतुनाशकाचा छोटा डोस. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 607 मुलांच्या अभ्यासात अशा डोसाने पुन्हा होणारा संसर्ग निम्म्यावर आला, व्रण मात्र कमी झाले नाहीत. त्यामुळे सगळेच डॉक्टर सरसकट तो देत नाहीत. दिला असेल तर मनाने बंद करू नका. वरच्या पायऱ्यांना कधी दुर्बिणीतून इंजेक्शन, कधी शस्त्रक्रिया लागते.

नमुना जंतुनाशक सुरू होण्याआधीच घ्या. जागा धुऊन, मधली धार निर्जंतुक बाटलीत धरा आणि लगेच पोचवा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. मोठ्या मुलांना दर दोन-तीन तासांनी लघवीला पाठवा. वर्गात "बाई, जाऊ?" विचारणाऱ्याला मी तरी कधी अडवत नाही.

खासगी खर्च झेपणारा नसेल, तर पिंपरीला महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात बालरोग विभाग आहे. पाठचं भावंड असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. भावंडांतही हा दोष बऱ्याचदा आढळतो.