घराच्या अब्रूची किंमत

घरातली गोष्ट उंबरठ्याबाहेर जाऊ नये, हा संस्कार संत्र्याच्या बागांतील शेंदूरजनाघाटातही आहे आणि महानगरांतही. मोठ्या भावंडाने धाकट्यावर लैंगिक अत्याचार केला, की या संस्काराची किंमत धाकट्याला मोजावी लागते. दोन्ही लेकरे पोटचीच. म्हणून आईबाप एकाला वाचविण्यासाठी दुसऱ्याला गप्प बसवितात. त्यात दोघांचेही हित नसते.

केंद्र सरकारने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने असा गुन्हा कळविणे बंधनकारक केले. आरोपी अल्पवयीन असल्यास प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते आणि मंडळ त्याच्या समुपदेशनाचाही आदेश देऊ शकते. तक्रार म्हणजे मुलाचा सर्वनाश, ही समजूत म्हणूनच चुकीची होय.

तथापि कायदा दुभंगलेले घर सांधीत नाही. घरातच अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना आधार देण्यासाठी १९९६ साली दिल्लीत 'राही' ही संस्था उभी राहिली. हे सोसून सावरलेल्यांनीच पुढाकार घेऊन पीडितांच्या कुटुंबांना धीर द्यावा, असे मेळावे वऱ्हाडच्या तालुक्यांतही भरले पाहिजेत. 'माझेच चुकले का?' या आईच्या प्रश्नाला त्यांच्याइतके प्रामाणिक उत्तर कोण देणार? शाळांनी आपले दार त्यासाठी उघडावे. लेकराच्या मौनावर उभी राहिलेली अब्रू ही अब्रूच नव्हे.