रविवारचा बाजार आणि माझं वळणदार अक्षर

परवा संध्याकाळी समोरच्या टॉवरमधलं एक तरुण जोडपं घरी आलं. दोघंही आयटीत. हातात पेढ्यांचा पुडा नव्हता, तेव्हा बारशाचं आमंत्रण नाही हे मी ओळखलं. "सर, आपल्या मैदानावर दर रविवारी सकाळी शेतकरी बाजार सुरू करायचाय. सेंद्रिय भाज्या, लाकडी घाण्याचं तेल, हातसडीचा तांदूळ, सगळं थेट शेतकऱ्याकडून. महापालिकेला अर्ज द्यायचाय, मराठीत. तुमच्याइतकं चांगलं कोण लिहिणार?"

निवृत्त मास्तरला याहून मोठी लाच कुठली? मी हो म्हणून बसलो. चहा झाला, मंडळी गेली, आणि कागद पुढे घेतल्यावर पेन काही चालेना. का ते सांगतो, पण त्याआधी आमच्या टेंभी नाक्याविषयी थोडं.

बाहेरच्यांना टेंभी नाका म्हटलं की नवरात्रातली देवी, दहीहंडी आणि आनंद दिघ्यांचा आश्रम एवढंच आठवतं. पण इथे १७८० सालची पारश्यांची अग्यारी आहे, १८७९ सालचं ज्यूंचं सिनेगॉग आहे, आणि चार पावलांवर तलावपाळी. सगळ्या जातीधर्मांची माणसं एकाच नळावर भांडत मोठी झालेली ही वस्ती. आता चाळी आणि बैठी घरं जाऊन त्या जागी टॉवर उठलेत. जुने भाडेकरू काही त्यातच वरच्या मजल्यावर गेले, बरेचसे पैसे घेऊन बदलापूर-टिटवाळ्याकडे. नवीन आलेली मंडळी वाईट नाहीत हो! माझी लिफ्ट बंद पडली तेव्हा दूध त्यांनीच वर आणून दिलं. पण ती चालत फारशी कुठे जात नाहीत.

आणि चालत गेलं तर सात-आठ मिनिटांवर जांभळी नाका आहे. म्हणजे अख्ख्या ठाण्याला भाजी पुरवणारी मंडई! मग आणखी बाजार कशाला, असा प्रश्न माझ्या मनात आला आणि मी तो विचारलाही. उत्तर प्रामाणिक होतं : "सर, तिथे चिखल असतो, गाडी लावायला जागा नाही, आणि भाजी कुठल्या पाण्यावर वाढवलीय ते कळत नाही." तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नाकारणार कसं?

शिवाय शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर कल्पना चांगलीच आहे. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवलं खरं, पण पुढे अडते, तोलाई, हमाली यांतून त्याच्या हाती काय उरायचं ते शेतकरीच जाणे. २०१६ च्या जुलैत सरकारने फळं-भाज्या या नियमनातून मोकळ्या केल्या आणि पुढच्याच महिन्यात थेट विधानभवनाच्या आवारात शेतकऱ्यांचा आठवडे बाजार भरला. पणन मंडळाने संत सावता माळींच्या नावाने अशा बाजारांचं अभियानच काढलं. नाव अगदी योग्य. कांदा, मुळा, भाजी यांतच विठ्ठल पाहणारा संत आणखी कुठे मिळणार? त्याही आधी, २०१० साली, वांद्र्यात कविता मुखी यांनी रविवारचा सेंद्रिय बाजार सुरू केला होता. तेव्हा आमच्या मंडळींची कल्पना काही आकाशातून पडलेली नाही.

मुलाकडे अमेरिकेला गेलो होतो तेव्हा न्यूयॉर्कमध्ये युनियन स्क्वेअरचा बाजार पाहिला. १९७६ साली सुरू झाला तेव्हा ती बाग म्हणे अगदी बकाल, संध्याकाळी कोणी फिरकत नसे. शेतकरी आले, माणसं आली, बाग सुधारली आणि आजूबाजूची भाडीही गगनाला भिडली. तरी तिथे एक गोष्ट मला फार आवडली. गरिबांना सरकारकडून धान्य-भाजीसाठी जी मदत मिळते ती त्या बाजारात चालते. म्हणजे महागडी गाडी घेऊन आलेला आणि सरकारी मदतीवरचा, दोघंही एकाच टोपलीतले टोमॅटो निवडतात. आपल्याकडे असं होईल का?

आता पेन का अडलं ते.

साधारण १९८८ ची गोष्ट असेल. मी ज्या शाळेत होतो तिच्या फाटकासमोर एक बाई बोरं, आवळे, चिंचा, करवंदं घेऊन बसायची. कसारा लोकलने यायची. मधल्या सुट्टीत पोरांची झुंबड. कागदाचे बोळे पडायचे, कोणाचा तरी घसा बसायचा, आणि मग पालक सभेत ठराव झाला की ही घाण हटवा. अर्ज कोणी लिहायचा? माझं अक्षर वळणदार, मराठी शुद्ध. मीच लिहिला. 'विद्यार्थ्यांच्या आरोग्यास अपायकारक' हे शब्द माझेच. आठ दिवसांत गाडी आली, टोपली उचलली गेली. मी वर्गाच्या खिडकीतून पाहत होतो. बाई ओरडली नाही, रडली नाही. सांडलेले आवळे गोळा करून पदरात बांधले आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागली. त्या दिवशी मी 'श्रमाची प्रतिष्ठा' या विषयावर निबंध लिहायला दिला होता. विनोद म्हणून सांगत नाही, खरंच दिला होता.

म्हणून या वेळी मी आधी कायदा वाचून काढला. रिकामटेकड्या म्हाताऱ्याला तेवढं जमतं. २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा मोठा वाचनीय आहे बरं का! त्यात म्हटलंय की पन्नास वर्षांहून अधिक काळ जिथे विक्रेते बसत आले, ते बाजार वारसा म्हणून जाहीर करावेत, तिथल्यांना हलवू नये. आपण वारसा म्हटलं की किल्ले आणि देवळं पाहतो. जांभळी नाक्याच्या फुटपाथला कोणी वारसा म्हणेल का? आणि त्याच कायद्यात विक्रेत्यांच्या समितीवर निदान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच हवेत असं आहे.

तो आकडा मी उचलला. अर्जात दुसरा परिच्छेद घातला : बाजारातल्या १०० पैकी ४० जागा, आज जांभळी नाका ते स्टेशन या रस्त्यावर बसणाऱ्यांना आणि शहापूर-मुरबाडहून पाट्या घेऊन येणाऱ्या बायकांना, नाममात्र भाड्यात. तंबू एकसारखे, पाटी एकसारखी. त्यांना कोपऱ्यात, संडासाजवळ बसवायचं नाही. आणि बाजार साडेनवाला आटपायचा, कारण रविवारी पोरांचं क्रिकेट असतं. मैदान आधी त्यांचं आहे.

काल दोघं अर्ज न्यायला आली. तिने वाचला. दुसऱ्या परिच्छेदाशी थांबली, नवऱ्याकडे पाहिलं. "सर, पण त्यांच्याकडे सेंद्रियचं सर्टिफिकेट नसतं ना." मी म्हटलं, "अगं, टाकळा, भारंगी, कवळा, कंटोली ही जंगलात उगवतात. जंगलाला युरिया कोण घालतं?" तिला हसू आलं. तो मात्र गंभीरच. म्हणाला, "गर्दी वाढेल. आणि महापालिका त्यांना परवानगी देईल याची खात्री नाही, आमचाही अर्ज अडकेल." या मुद्द्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. अडकेलही. अर्धवट का होईना बाजार सुरू होऊ द्यावा, मग हळूहळू त्यांना आत आणावं, असंही कोणी म्हणेल. पण आत आलेल्यांनी मागाहून दार उघडल्याचं मी तरी या वस्तीत पाहिलेलं नाही. बाजार हवाच, पण पहिल्या रविवारपासून सगळ्यांचा हवा, असं आपलं माझं मत.

शेवटी ठरलं की हा परिच्छेद त्यांच्या मीटिंगमध्ये मांडायचा. मांडा म्हटलं. अर्जाची प्रत त्यांना दिली, सही मात्र ठेवून घेतली.

आज सकाळी जांभळी नाक्यावर गेलो होतो. खर्डीकडून येणारी मावशी नेहमीच्या जागी होती, पुढ्यात शेवळं आणि बाजूला काकडं. पहिल्या पावसाची शेवळं, घशाला खाजतात पण जीव अडकतो त्यात. मी तिला विचारलं, मैदानात जागा मिळाली तर बसशील का? ती म्हणाली, "मास्तर, बसायला काय, कुठंबी बसू. पण मधीच उठवणार नाय ना?"

मी दोन जुड्या घेतल्या. काकडं तिने अशीच टाकली पिशवीत.