वॅटचा गोंधळ
तुळजाभवानीच्या धाराशिव जिल्ह्यात गोंधळ्याला ॲम्प्लिफायर लागावा, हाच मुळात विनोद! संबळावर टिपरी पडली की अख्खा वाडा जागा होतो. पण पुतण्याच्या लग्नानंतरच्या गोंधळाला मंडपवाला विचारतो, "काका, पाचशे वॅट की हजार?" जणू भाकरी एक वाढू की दोन! म्हटलं, "बाबा रे, वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला वॅट लागतात दहापट. दुप्पट होतं ते भाडं!" त्याने हजारच लावले. तुणतुण्याला तार ती एकच. तीही शिट्टी होऊन बाहेर आली, कारण माईक कर्ण्याच्या तोंडासमोर! शेवटी वीज गेली. दिवटीच्या उजेडात देवीची कथा पहिल्यांदा शब्दन् शब्द ऐकू आली. मंडपवाला म्हणतो, "पुढच्या वेळी जनरेटर घ्या, काका."