किल्ली कोणाच्या हातून जाते?

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये एका भरधाव आलिशान मोटारीने दुचाकीला धडक दिली. मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले दोन तरुण अभियंते प्राणास मुकले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांनी सांगितले. बाल न्याय मंडळाने अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून त्याला जामीन दिला आणि देशभर संताप उसळला.

असा प्रसंग घडला की, वाहन चालवण्याचे किमान वय वाढवा, अठराचे एकवीस करा, असा सूर निघतो. मागणीमागची तळमळ खरी आहे. पण त्या पहाटे कमी पडला तो कायदा नव्हे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने अठराची अट घातलेलीच आहे. सोळाव्या वर्षी सवलत आहे ती केवळ ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीची, आणि तीही पालकाच्या लेखी संमतीने. पेट्रोलवर चालणारी अशी दुचाकी आज बाजारात जवळजवळ मिळतच नाही. मग शिकवणी वर्गांबाहेर रांगेने उभ्या असलेल्या शंभर सीसीवरील स्कूटर कोणाच्या संमतीने आल्या?

२०१९च्या दुरुस्तीने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड आहे. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. हे आपल्या नकळत घडले, हे सिद्ध करण्याचा भारही पालकावरच आहे. वय एकवीस केले तर एकोणिसाव्या वर्षी दुचाकीवरून कामाला जाणारा, घर चालवणारा गरिबाचा मुलगा तेवढा अडेल. ज्याच्या घरी अठराची अट पाळली जात नाही, त्याच्या घरी एकविसाची कोण पाळणार?

महाभारताच्या सौप्तिक पर्वात या दुखण्याचे मूळ सापडते. मुलाचा चंचल स्वभाव ठाऊक असूनही द्रोणाचार्यांनी अश्वत्थाम्याच्या हट्टापुढे ब्रह्मशिर अस्त्र त्याच्या हाती दिले. ‘माणसांवर सोडू नकोस’ एवढी ताकीद मात्र दिली. पुढे त्याने ते सोडले. आवरणे त्याला जमले नाही आणि ते उत्तरेच्या गर्भावर जाऊन आदळले. अपराध अश्वत्थाम्याचा खराच, पण अधिकार नसलेल्या हाती अस्त्र देणाऱ्या पित्याचा मोह त्याआधीचा होता.

दसऱ्याला आपण शस्त्रांबरोबर वाहनाचीही पूजा करतो. शस्त्र आधी पात्रता मागते, हा त्या पूजेचा अर्थ मात्र आपण झेंडूच्या हारांखाली झाकून टाकतो. ‘आमचा बाळ्या आठवीतच गाडी शिकला,’ हे कौतुक आपल्याही घरांतून ऐकू येते. संघाच्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधन आणि नागरिक कर्तव्य हे दोन्ही विषय आहेत. येथे ते एकत्र येतात. २०२२मध्ये देशात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. सीमेवर प्राण देण्याची भाषा करणाऱ्या समाजाला रस्त्यावर दुसऱ्याचे प्राण जपता येऊ नयेत, हे लाजिरवाणे आहे.

म्हणून वयाचा वाद संसदेवर सोपवून आपण घरापासून सुरुवात करावी. परवाना हाती येईपर्यंत किल्ली मिळणार नाही, हे वडिलांनी एकदा ठामपणे सांगावे आणि आईने, आजोबांनी त्यात फट पाडू नये. मुलगा चार दिवस रुसेल. तो रुसवा सोसण्याइतके बळ आपल्यात नसेल, तर कायद्यातील वयाचा आकडा बदलून काहीही साधणार नाही.