घरचे सोबती : शंखातल्या पाहुण्याला दमट हवा लागते

मत्स्यालयाच्या दुकानात शंख पाठीवर घेऊन फिरणारे इवलेसे खेकडे दिसले की मुलं हट्टाला पेटतात. इंग्रजीत यांना ‘हर्मिट क्रॅब’ म्हणजे संन्यासी खेकडा म्हणतात. नाव संन्याशाचं असलं तरी हा एकटा रमत नाही, त्याला सोबत लागते. जाळीचा पिंजरा, मूठभर रंगीत खडे आणि ओला स्पंज एवढ्यावर बहुतेकांची बोळवण होते. अशा पिंजऱ्यात तो लगेच मरत नाही. काही आठवडे किंवा महिने गुदमरत काढतो आणि मग जातो. ‘त्याचं आयुष्यच तेवढं,’ अशी आपण समजूत करून घेतो. वास्तविक नीट सांभाळल्यास तो दहा-वीस वर्षं, क्वचित ३० वर्षांहूनही अधिक जगतो.

गुदमरतो तो का? जमिनीवर राहत असला तरी तो श्वास कल्ल्यांनीच घेतो, आणि कल्ले ओलसर असतील तरच त्यांना हवेतला प्राणवायू घेता येतो. म्हणून पेटीतली आर्द्रता ७५ ते ८५ टक्के आणि तापमान २४ ते २९ अंश सेल्सियस हवं. मुंबईच्या पावसाळ्यात हे आपसूक जमतं. नागपूर-इंदूरच्या मे महिन्यात किंवा वातानुकूलित खोलीत मुळीच नाही. तेव्हा पेटी काचेची घ्या, झाकणही काचेचंच, फक्त बारीकशी फट ठेवून. (हे महाशय चढण्यात पटाईत असतात!) आत लहानसा आर्द्रतामापक लावा, अंदाजावर विसंबू नका. पेटीवर थेट ऊन मात्र येऊ देऊ नका.

तळाला धुतलेली वाळू पाच भाग आणि नारळाच्या काथ्याचा भुसा एक भाग असं मिश्रण घाला. भुसा रोपवाटिकेत मिळतो, पण खत न मिसळलेला पाहून घ्या. मुलं किनाऱ्यावर किल्ला करतात तेव्हा वाळू जशी ओली असते तेवढाच ओलावा हवा. तळाशी पाणी साचलं तर बुरशी धरते. थर निदान १५ सेंटिमीटर, खेकडा मोठा असेल तर त्याच्या उंचीच्या तिप्पट.

एवढी वाळू कशाला, असं वाटेल. पण वाढीसाठी हा प्राणी वाळूत खोल शिरून कात टाकतो. लहान असेल तर काही आठवडे, मोठा असेल तर दोन महिने आणि कधी त्याहूनही जास्त तो दिसत नाही. मेला असं समजून लोक उकरून काढतात आणि अंग मऊ असताना झालेल्या त्या धक्क्यानेच तो खरोखर दगावतो. टाकलेली कातही फेकू नका, चुन्यासाठी तो ती स्वतःच खातो. एरवी पक्ष्यांच्या पिंजऱ्यात टांगतात तो समुद्रफेस आत ठेवावा.

पाण्याच्या वाट्या दोन हव्यात, एक गोड्या आणि एक खाऱ्या पाण्याची. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढण्याचे थेंब मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात. खाऱ्या पाण्यासाठी तिथलंच सागरी मत्स्यालयाचं मीठ घ्या, स्वयंपाकघरातलं चालत नाही. वाटीत चढउतारासाठी खडे ठेवा. थोडे मोठे, न रंगवलेले रिकामे शंखही हवेत, नाहीतर घरासाठी आपापसांत मारामाऱ्या ठरलेल्याच. डासांची अगरबत्ती, झुरळांचा फवारा त्या खोलीत वर्ज्य. कीटकांना मारणारी औषधं खेकड्यांनाही मारतात.

आणखी एक. खडकांमधल्या डबक्यात दिसणारे शंखवाले खेकडे निराळे, ते समुद्राच्या पाण्यातच जगतात. सहलीहून बाटलीत भरून आणू नयेत. दुकानातलेही बहुतेक सगळे किनाऱ्यावरून धरून आणलेलेच असतात, कारण घरच्या पेटीत त्यांची पिल्लं वाढवणं जवळजवळ कुणालाच साधत नाही. मुलांचा हट्ट पुरवण्याआधी हे त्यांना जरूर सांगावं.

वाळूत गेलेल्याची काळजी वाटली तर वास घेऊन पाहा. मेलेल्याला सडक्या मासळीची घाण येते, ती लपत नाही. तसा वास नसेल तर वाट पाहावी आणि वाट्यांतलं पाणी नेमाने बदलत राहावं.